दुपारची भट्टी

अण्णा, गेल्या पौषात एके सकाळी मी आईला घेऊन परभणीला गेलो. डॉक्टरांनी तिच्या छातीचा फोटो उजेडात धरला आणि विचारलं, "आजी, बिडी किती वर्षांपासून ओढता?" आई तोंडाला पदर लावून हसली. "बिडी न्हाई वो साहेब, मी भट्टी वडली. चाळीस वर्षं." डॉक्टर हसले नाहीत. परतताना बसमध्ये ती खिडकीला डोकं टेकून धापा टाकत होती आणि मी मनात तुमच्याशी भांडत होतो. ते भांडण अजून मिटलेलं नाही.

पोखर्णीच्या रस्त्यावरचं आपलं पेढ्याचं दुकान. सकाळच्या दुधाचा खवा बारापर्यंत उतरायचा, संध्याकाळचं दूध सहाला यायचं. मधे कढई रिकामी, तरी भट्टी पेटती ठेवायची, हा तुमचा हुकूम. "इजली की लक्ष्मी उठून जाती," म्हणायचात आणि जेवून लिंबाखाली आडवे व्हायचात. आई मात्र भट्टीपुढंच बसलेली. थोड्या थोड्या वेळानं एक लाकूड आत सरकवायची, डोळे पुसायची, खोकायची. आठवीत गुरुजींनी आम्हाला धुराड्याची चूल शिकवली, तेव्हा तिचं चित्र काढून मी तुम्हाला दाखवलं. तुम्ही गिऱ्हाइकांसमोर म्हणालात, "लय शाना झालाय. आता आगीला शाळा शिकवायलाय!" सगळे हसले. चित्र तुम्ही भट्टीत टाकलंत. ते मला इतकं लागलं नाही. आई हळूच म्हणाली, "एकदा बघा तरी वो," तेव्हा तुम्ही तिच्याकडे ज्या नजरेनं पाहिलंत, ते लागलं. त्यानंतर ती या विषयावर कधी बोलली नाही.

यंदा चैत्रात मी सेलूहून गवंडी बोलावला. कापसाच्या जिनिंगमध्ये धुराड्यांची कामं केलेला माणूस. आपल्या भट्टीचं ते रुंद तोंड आणि बाहेर येणारा जाळ बघून म्हणाला, "मालक, तुमी दूध आटवायलात का आभाळ तापवायलात?" त्यानं भट्टीचं तोंड लहान केलं, खाली हवेला लोखंडी जाळी बसवली, धुराडं पत्र्यातून वर काढलं. आता तितक्याच दुधाला निम्म्याहून कमी लाकूड लागतं. खव्याला धुराचा वास येत नाही, म्हणून मानवतचा जो हॉटेलवाला आपला खवा परत पाठवायचा, तो आता रोज नेतो. बांधकामाचा खर्च पावसाळ्याआधीच निघाला. माझी बायको भट्टीपुढं बसते, तिच्या डोळ्यांत पाणी येत नाही.

आणि इथंच मला तुमचा सगळ्यात जास्त राग येतो. धंद्यासाठी करावं लागतं, असं तुम्ही म्हणायचात. त्यात धंद्याचा फायदा असता, तर मी म्हटलं असतं, गरिबी होती, खाणारी तोंडं होती, बापाचा इलाज नव्हता. पण फायदा कधीच नव्हता, अण्णा. शिवारातली झाडं जाळली, एका बाईचा श्वास जाळला आणि हाती राख आली. तुमच्या जागी एखादा नुसता लोभी दुकानदार असता, तरी त्यानं दुपारची आग विझवली असती. आईवर माया नसती तरी चाललं असतं.

एवढं बोलल्यावर माझंही सांगतो. हे पत्र कुठं टाकायचं नाही, वहीतच राहील, म्हणून सांगवतं. तुम्ही गेल्याला अकरा वर्षं झाली. इतकी वर्षं दुपारची भट्टी मीच पेटती ठेवली. गावच्या नरसिंहापुढं रोज हात जोडायचो आणि विझवली तर देव कोपेल, असं मला वाटायचं. डॉक्टरांनी फोटो दाखवला पौषात. गवंडी आला चैत्रात, लाकूडवाल्यानं भाव वाढवल्यावर. आईच्या छातीसाठी नाही, लाकडासाठी आला. नवी भट्टी झाल्यावरही दुपारी आत दोन लाकडं धुमसत ठेवायचोच. आई बाजेवर बसून त्यांच्यावर नजर ठेवायची.

काल बारा वाजता खवा उतरवला, देवाचं नाव घेतलं, निखारे बाहेर ओढले आणि त्यांच्यावर पाणी ओतलं. आवाज ऐकून आई ओरडली, "अरं, इजली का काय?"

"इजली न्हाई. मी इजवली."

तिनं बाजेवरून वाकून ओल्या निखाऱ्यांकडं पाहिलं. मग म्हणाली, "मग मी जरा पडू का?"

मला भीती वाटत होती, अण्णा. अजून वाटते. तरी आजही विझवली.