मधल्याला तोंड दिलंय, आबा

आबा, खोकला कसा आहे तुमचा? आईचे गुडघे आता दुखत नसतील, तिकडं कुठं शेणाच्या पाट्या उचलायच्यात. चुलतीला दिसायला लागलं का? आणि तो मारका ढवळा बैल, त्याच्यापाशी अजून तुम्हीच जात असाल वैरण घेऊन. आमचं म्हणाल तर थोरल्या दादाचं बीपी गोळीवर आहे, माझी कंबर धरते, पण सोल्डरिंग करताना हात अजून थरथरत नाही. सगळ्यांचं विचारून झालं. आता भांडते.

तुम्ही पाटकरी. कालव्यातून शेतांकडं येणाऱ्या चारीचं पाणी वाटायचात. पाणी सोडायच्या दिवशी वरच्या दारापासून शेवटच्या शेतापर्यंत हाकेच्या अंतरावर माणसं उभी करायचात. वरची हाक मधल्यानं जशीच्या तशी पुढं द्यायची, शेवटचा "पोचलं" म्हणायचा, आणि ते "पोचलं" तोंडातोंडानं परत वर यायचं. तोवर तुम्ही दाराला हात लावत नव्हता. एकदा मधे मी उभी होते. हाक येते, "दार उघडतो!" आणि माझा पाय बांधात रुततो. घुशीनं आतून पोखरलेला. मी हाक पुढं दिलीच नाही, उलट वर ओरडले, "थांबा!" तुम्ही धावत आलात, बांध तुडवून घट्ट केलात आणि सगळ्यांदेखत म्हणालात, "बांध बघितलास ते बेस केलंस. पन निरोप्यानं निरोपात डोकं घालायचं न्हाई. तुला इचारलं हुतं का कुनी?" पुन्हा मला साखळीत उभं केलं नाहीत.

आता विहिरीच्या पाइपलाइनवर वरच्या अंगाला थोरल्याचा ऊस आहे, शेवटाला माझा. पाणी पाळीनं शेवटापर्यंत यावं म्हणून प्रत्येक व्हॉल्व्हपाशी मी एकेक डबा बसवलाय, त्यात बोटाएवढा कंट्रोलर. जुने रेडिओ उघडून आणि मोबाईलवर बघून जेवढं शिकले, तेवढं त्यात ओतलं. डबे वायरीनं जोडायचे हे ठरलं, पण त्यांनी आपसात बोलायचं कसं? एक तयार रीत मिळते. एकच लांब वायर टाकायची, मोटरीपाशी मुख्य डबा, आणि त्यानं विचारल्याशिवाय दुसऱ्या कुणी तोंड उघडायचं नाही. वाचताना तुमचाच आवाज ऐकू आला हो! मी ती घेतली नाही. माझा डबा फक्त शेजाऱ्याशी बोलतो: निरोप कुणाला, काय, आणि शेवटी अक्षरांची बेरीज, वाटेत काही गळलं का ते कळायला. बेरीज जुळली नाही तर पुन्हा मागून घेतो. आणि आपल्या जागी काही बिघडलेलं दिसलं, तर निरोप अडवून मागं "थांबा" म्हणतो. मोटरीनं ते ऐकायचं.

थोरला उखडला. "मोटर माझ्या बांधावर, आन् तिला मधला डबा आडवनार? निरोप्यानं निरोपात…"

"पुढचं म्हणू नको दादा, पाठ हाय मला."

"मग डबे उचल. माझ्या मोटरीवर न्हाई चालायचं."

डबे उचलले की माझ्या उसाला पुन्हा उरलंसुरलं पाणी. तरी म्हटलं, एकदा चालवून तर बघ.

पहिल्याच दिवशी मोटर सुरू होईना. मधल्या डब्यानं "थांबा" म्हटलेलं. आम्ही दोघं उसातून अंग खाजवत तिथवर गेलो, तर पाइप ठणठणीत. दाब मोजायच्या सेन्सरची वायर तेवढी उंदरानं कुरतडलेली. थोरला हसून हसून पाचटावर बसला. "आबानी तुला साखळीतनं काढली ती उगं न्हाई, बाई!"

लागलं ते. पण हटले नाही. "फुकट थांबला म्हणून आपल्याला एक चक्कर पडली. पाइप निसटलेला असता आन् ह्यो गप बसला असता, तर कुनाच्या रानातली माती गेली असती? ह्यो डबा तुझ्याच उसात हाय."

त्यानं कुरतडलेली वायर उचलून बघितली. मग गुडघ्यावर हात टेकून उठला. "ऱ्हाऊ दे डबे. पर वायर नळीतनं घाल."

तर ऐका आबा. माझ्या साखळीत मधल्याला तोंड आहे, आणि ते तुम्हाला विचारून दिलेलं नाही. ज्याच्या पायाखालचा बांध, त्यालाच तो आधी कळतो. उद्या तुम्ही स्वतः येऊन दारावर उभे राहिलात, तरी मी "थांबा"च म्हणेन.

तुम्ही सगळे गेलात तिथं हे पत्र टाकणार कुठं? राहील वायरींच्या खोक्यात. एक मात्र आहे, थोरल्याला मी ते सांगितलेलं नाही. शेवटच्या डब्याचं "पोचलं" परत आल्याशिवाय मोटर सुरूच होत नाही, एवढं तुमचं मी जसंच्या तसं ठेवलंय. मोटरीपाशच्या डब्यावर "पोचलं"चा दिवा लागेपर्यंत अजून श्वास रोखून उभी असते.

तुम्हीही तेवढं "पोचलं" कळवा, आबा. लवकर.