एकशे एकवीसची नोंद

२३ सप्टेंबर, मंगळवार

ती. दादास,
सा. नमस्कार. इकडे आम्ही ठीक. मुलांच्या परीक्षा कशा झाल्या? आमच्या वेधशाळेचं वादळात उडालेलं छप्पर परवा पुन्हा बसवलं.

तुझं पत्र मिळालं. वर्षानुवर्षं दोन ओळी न लिहिणाऱ्या माणसाने पंधरा दिवसांत तीन पत्रं पाठवली. पण तिन्हींत माझ्या नोंदवहीचीच विचारपूस का रे? "भिजली असेल, पाठवून दे, नवी करून घेऊ." भिजलेली नाही. वादळाच्या दिवशीची सकाळी सहाची नोंद स्वच्छ वाचता येते. वारा ताशी एकशे एकवीस किलोमीटर.

तूच शिकवलंस ना मला हे काम? बासष्टपासून वादळ, एकोणनव्वदपासून तीव्र वादळ, एकशे अठरा गाठले की टायफून. टायफून म्हटलं की बंदर बंद. त्याच्या खाली कप्तानाची मर्जी. मी फोनवर एकशे एकवीस कळवले आणि सातच्या रेडिओवर तुझ्या कार्यालयाने एकशे बारा सांगितले. मागाहून वाटलं, फोन घेणाऱ्या कारकून बाईंनी घोळ घातला. काल त्यांना गाठलं. म्हणाल्या, "ताई, एकशे एकवीसच लिहून साहेबांच्या टेबलावर ठेवले होते मी."

साहेब म्हणजे तू. नव्या धक्क्याचं उद्घाटन होतं ना त्या दिवशी? वरून फोन आला होता? की धाकटी नेहमी वाढवूनच सांगते, असं वाटलं?

ते वादळ पुढे तीन देशांना झोडपून गेलं, शेतं खारी करून गेलं, जगभर त्याच्याच बातम्या. आमची फेरीबोट बंदराच्या तोंडाशी उलटली, सात माणसं गेली, त्याला जेमतेम दोन ओळी. बोट हेच चालवत होते, तुला ठाऊक आहे. तरी एकाही पत्रात ह्यांचं नाव नाही. परवाना गेला. गल्लीत लोक ह्यांना पाहून दार लावून घेतात.

आता टाळत होते ते लिहिते. सव्वासातला ह्यांचा धक्क्यावरून फोन आला होता. "काय गं, सोडू का बोट?" वही माझ्यासमोर उघडी होती. मी म्हणाले, "दादा एकशे बारा म्हणतोय." माझा आकडा माझ्या तोंडून निघालाच नाही. तुझ्यापुढे तो मलाच खोटा वाटला.

आज सकाळी ह्यांना सांगितलं. दाढी करत होते. हात थांबला.

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"हो."

अर्ध्या दाढीनिशी घराबाहेर गेले. दोन तासांनी आले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "चौकशी उद्या अकराला आहे. वही घेऊन चल."

तिथे मी दोन्ही सांगणार आहे, तुझा आकडा आणि माझं गप्प बसणं. तुलाही बोलावतील. त्याआधी वहिनीला स्वतः सांग. माझ्यासारखा उशीर करू नकोस.

अजूनही तुला दादाच म्हणणारी,
धाकटी