माझ्या नावाची चिठ्ठी

१ जानेवारी

प्रिय शीला,

येशूच्या नावाने सलाम. माझा फोन उचलायचा नाही असं तू ठरवलंस, म्हणून हे पत्र. आश्रुबा उद्या चकलांब्याच्या फाट्यावरून तुमच्याच टोळीत ऊस तोडायला निघालाय, त्याच्या हाती देते आहे. उसाच्या पाचटाने शाकारलेल्या त्या कोपीतली चूल पेटवायला हा कागद घेशील, पण आधी वाच. जावयांनाही सलाम सांग.

आज नववर्षाच्या भक्तीला चर्चमध्ये आम्ही तिघीच होतो. मी, कानाने अधू झालेली साखराबाई आणि तिची शेळी. पाळकसाहेब बीडहून आले आणि भरल्या चर्चला करतात तसा तासभर उपदेश आम्हाला करून गेले. शेळीनेच तो नीट ऐकला. दिवाळीनंतर आपली मंडळी कोयते घेऊन गेली की इथं कसं ओकंबोकं होतं, ते तुला काय सांगायचं? घंटा मीच वाजवते. ऐकायला कुणी नसतं, तरी वाजवते. एका माणसापुरता भात टाकायला मला अजून जमत नाही, रोज उरतो.

भक्तीनंतर वचनं काढली. दरवर्षीसारखंच, ताटात पवित्र शास्त्रातल्या वचनांच्या चिठ्ठ्या, डोळे मिटून एक उचलायची, आणि ती देवाने आपल्याला दिली असं धरायचं. फडावर गेलेल्यांसाठी त्यांचं नाव घेऊन मागे राहिलेल्याने काढायची. तुझं नाव घेतलं आणि माझा हात ताटातच थांबला. साखराबाईला वाटलं, मला चक्कर आली. मी हात रिकामाच बाहेर काढला.

सात वर्षांपूर्वी अशीच तू फडावर होतीस आणि मी तुला चिठ्ठी पाठवली होती. ताटाभोवती लेकरं बसतील, अशा अर्थाचं वचन होतं. तू ते फडक्यात शिवून गळ्यात घातलंस. त्याच्या भरवशावर सासूची बोलणी खाल्लीस. दोनदा पोटातलं गेलं, तरी डोळे पुसून मोळ्या बांधायला उभी राहिलीस. शेजारणी नवसाला नारायणगडावर चल म्हणाल्या, तर मला देवाचा शब्द मिळालाय म्हणून हसलीस. आणि मागच्या वर्षी पिशवी काढावी लागली. दवाखान्यात तू भिंतीकडे तोंड करून म्हणालीस, "माय, माणसं खोटं बोलतेत ते सोसलं. देव बी खोटं बोलला. आता मला चर्चमधी बोलवू नको." मी खाटेपाशी बसून तुझ्या अंगावरची चादर सारखी करत राहिले. तेव्हाच बोलायला हवं होतं.

देव खोटं बोलला नाही, शीला. मी बोलले. त्या वर्षी तुझ्या नावाने निघालेलं वचन निराळंच होतं. खोल पाण्यातून जाशील तेव्हा मी तुझ्याबरोबर असेन, असं. वाचून वाटलं, माझ्या लेकीच्या वाट्याला पाणी कशाला? लेकरांचं वचन माझ्या नावाने निघालं होतं. ते मला विधवा बाईला काय करायचंय, असा विचार केला आणि चिठ्ठ्या बदलल्या. देवाची चूक दुरुस्त करायला निघाले होते, एवढी मी शहाणी. तुझी खरी चिठ्ठी तुझ्या बापाच्या शास्त्रात घालून पेटीत ठेवली. तू पाण्यात होतीस, आणि तुझ्याबरोबर कोण आहे हे सांगणारा कागद माझ्या पेटीत होता. याची मला फार लाज वाटते.

ती चिठ्ठी या पत्रात घातली आहे. पिवळी पडलीय, पण वाचता येते. तुला राग येईल, तो माझ्यावर काढ, त्याच्यावर नको. क्षमा मी आत्ता मागत नाही. मागायची आहे ती दुसरीच गोष्ट. तुझ्या गळ्यातली चिठ्ठी माझी आहे, ती मला परत हवी. आश्रुबाच्या हाती पाठवू नकोस. पट्टा पडला, कारखाना बंद झाला, की तू स्वतः घेऊन ये. ते वचन माझ्या नावाने निघालं होतं, आणि मला लेकरू एकच आहे. भात रोज उरतोच आहे.

तुझीच,
माय