हत्तिणीचा ड्रायव्हर

२ मार्च, सकाळ
जुन्या कंपनीतून मॅनेजरचा फोन. आमची 'हत्तीण', माझा जुना ट्रक, सापडली! भंगारवाल्याच्या आवारातून उचलून आणली, इंजिन उघडलं, रंग दिला, आता पुन्हा चालते म्हणे. २३ तारखेला जुन्या ट्रकांची मिरवणूक आहे. म्हणाला, "काका, तुमच्याशिवाय शोभा नाही. केबिनमध्ये तुम्ही हवेतच." म्हणजे चालवायची मीच. तसं स्पष्ट बोलला नाही, पण मोठ्या पदावरची माणसं स्पष्ट बोलत नसतातच.

बायकोने विचारलं, चालवायला तुम्हालाच सांगितलंय का? म्हटलं, मग काय केबिनमध्ये बसून भाजी निवडू?

संकल्प : रोज पहाटे व्यायाम. डाव्या पायाचा स्पेशल.

३ मार्च
पहाट हुकली. पण पडल्या पडल्या डावा पाय दोनदा ताणला. हत्तिणीचा क्लच दाबायचा म्हणजे भिंत ढकलण्यातला प्रकार. स्टीअरिंगला पॉवर वगैरे भानगड नव्हती. पॉवर आमच्या दंडात. गिअर बदलताना क्लच एकदा दाबायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा, आणि कान सारखा इंजिनाकडे. जरा चुकलं की गिअरबॉक्स असा कोकलायचा की रस्त्याकडेची कुत्री पळत सुटायची. माझा कधीच चुकला नाही. वर्कशॉपमधला मिस्त्री अजून म्हणतो, चुकायचा. मिस्त्रीला हल्ली कमी ऐकू येतं.

६ मार्च, दुपार
सराव. स्टूल ही सीट, मोठ्या पातेल्याचं झाकण हे स्टीअरिंग, मॉपचा दांडा हा गिअर, कपाटाचा खालचा खण हा क्लच. तिसऱ्या गिअरपर्यंत झकास. चौथ्याला दांडा मोडला. जुना असणार. बायको म्हणाली, परवाच आणलाय. खण आत गेला तो गेलाच, ओढून बाहेर येईना. तिच्या सगळ्या शाली त्यात. संध्याकाळी तिला थंडी वाजली, तेव्हा माझी चादर पांघरून बसली.

११ मार्च
बायको डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, ऑपरेशन करून टाका म्हणाले. विचारलं, ट्रक चालवता येईल ना? म्हणाले, ट्रक दिसेल हो, ट्रकसमोरचं सांगता येत नाही. मिरवणुकीत समोरही ट्रकच असणार. प्रश्न मिटला.

घरी येऊन लायसन्स शोधलं. मुदत कधीच संपलेली. फोटोतला माणूस मात्र एकदम फिट.

१५ मार्च
गुडघा सुजला. व्यायाम बंद. ताकद साठवून ठेवतोय.

कशातच मन लागेना. थंडीतले घाट आठवत बसलो. केबिनमध्ये इंजिनाच्या झाकणावर डबा गरम करायचा, बाजूला मोजे वाळत टाकायचे. पाय भाजायचे, मान गारठायची. उतारावर ब्रेक तापले की रबर जळाल्यासारखा वास यायचा, मग गाडी बाजूला घेऊन चाकांपाशी गप्प बसायचं, ती निवेपर्यंत. तेवढीच काय ती विश्रांती. हे सगळं बायकोला सांगितलं. म्हणाली, ऐकलंय. चहा ठेवला आणि जाता जाता म्हणाली, इतकी वर्षं ऐकतेय, एकदा बसवलं नाहीत. म्हटलं, बाहेरच्या माणसाला केबिनमध्ये घ्यायचं नाही असा कंपनीचा नियम होता. "नियम मला पाठ आहे," म्हणाली.

ठरलं. २३ ला तिला शेजारी बसवणार. मॅनेजरला विचारायची गरज नाही. केबिनमध्ये ड्रायव्हरचा शब्द शेवटचा.

२३ मार्च, सकाळ
ड्युटीचा जुना खाकी शर्ट कपाटातून काढला. पोटावरची बटणं लागत नाहीत. उघडा शर्ट ऐटबाज दिसतो. निघतोय.

२३ मार्च, संध्याकाळ
हत्तीण उभी होती. नाक तसंच पुढे, रंग जरा जास्तच लाल. पायरी उंच करून ठेवलीय. मॅनेजर म्हणाला, मूळचीच आहे. मिस्त्रीने खालून ढकललं तेव्हा चढलो.

सीटवर बसलो. स्टीअरिंगला हात लावला. क्लच दाबला. गेला नाही. पुन्हा दाबला. मग दोन्ही पायांनी. अर्धा गेला आणि थरथरायला लागला. क्लच नव्हे, पाय. खाली माणसं टाळ्या वाजवायच्या तयारीत उभी.

मॅनेजर खिडकीशी येऊन हळूच म्हणाला, "काका, चालवणार या ताई आहेत. इंजिन यांनीच बसवलंय. तुम्ही शेजारी बसायचंय." ताई माझ्या मुलीपेक्षा लहान, नखांत काळं ग्रीस. म्हणाली, "काका, मलाही सीटवरून उठूनच दाबावा लागतो हो." मी सरकलो. तिने बसल्या बसल्या दाबला.

बायकोला वर घ्या, एवढं मात्र मी सांगितलं. कोणी अडवलं नाही. ती खिडकीशी, मी मध्ये. मिस्त्रीने खालूनच मला सलाम ठोकला. त्यात चेष्टा नव्हती, आणि तेच सोसवेना.

इंजिन सुरू झालं. खालून तीच थरथर, कंबरेतून वर मानेपर्यंत. पुढचं नीट आठवत नाही. डोळे मिटून इंजिन ऐकत होतो.

२४ मार्च
बायको म्हणते, घोरत होतात. गेटपासून परत गेटपर्यंत. तोंड उघडं. समोरच्या ट्रकवाल्याने फोटोही काढलाय.

दुपारी शेजारीण आली. बायको तिला सांगत होती : चढावर ताईने क्लच दोनदा कसा दाबला, इंजिनाने पाय कसे भाजले, हॉर्न तिला कसा वाजवू दिला, माणसं गच्चीतून हात कशी हलवत होती. इतकं बोलताना तिला कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं. शेजारणीने मला विचारलं, आणि तुम्ही काय केलंत? मी खोकलो. बायको म्हणाली, "यांनीच तर वाटेत सगळं समजावून सांगितलं."

शेजारीण गेल्यावर स्वयंपाकघरात गेलो. बायको कांदा चिरत होती. विचारलं, चढावर इंजिनाचा आवाज कसा येत होता गं?

म्हणाली, बसा. सांगते.