न केलेल्या कामाचा दाखला

जयपूर, मंगळवार, १२ जून २००७

मुग्धाची सीतापुऱ्यातली नोकरी हुकली, आणि ती माझ्यामुळे. गेल्या उन्हाळ्यात तिला सांगानेरला कापडछपाईच्या कारखान्यात दोन महिने इंटर्नशिप करायची होती. ‘बसचे धक्के खाण्यापेक्षा अभ्यास कर,’ म्हणत मीच तिथल्या ओळखीच्या वर्माजींकडून ती केल्याचा दाखला आणला. अभ्यासाची काळजी होती की माझा हट्ट? आज मुलाखतीत विचारलं, तिथे काय शिकलात? पोरीने खरं ते सांगून टाकलं. ऑफिसात उशिरा येणाऱ्यांना फैलावर घेणारी मी, आणि खोटा दाखला माझ्याच घरात! वर त्याला प्लास्टिकचं कव्हरही घातलं होतं.

‘वर्माजींशी बोलून बघू का?’ मी विचारलं.

‘नको आई. उद्या मीच सांगानेरला जाऊन विचारते, अजून शिकायला घेतात का. तू फक्त कुणाला फोन करू नकोस.’