सुरभीचा शास्त्रीय उंदीर

३ फेब्रुवारी
सुरभीचा रोह्याहून फोन. स्वतःहून! टीवायचा प्रोजेक्ट आहे: झाडावरचा छोटा उंदीर आणि अ‍ॅटलस पतंग, वर्गीकरण व संवर्धनाची तुलना. म्हणाली, मितेश, तू हमरापूरला गणपतीच्या कारखान्यात असतोस ना, उंदराचं मॉडेल देशील करून? पतंगाचं आदर्श बघतोय.
आदर्श तिचा प्रोजेक्ट पार्टनर. फक्त पार्टनर.
संकल्प: असा उंदीर करायचा की झूलॉजीच्या सरांनी मला परत बोलवावं. कॉलेज मी सोडलं खरं, पण भांडण त्यांनी सुरू केलं होतं.

५ फेब्रुवारी
वाचन केलं. उंदीर कण्याचा, पतंग बिनकण्याचा. दोघं प्राणी, एवढंच साम्य. पुढे फायलम वेगळा, क्लास वेगळा. म्हणजे सगोत्र नाहीत. जमतंय! उंदीर मी, पतंग ती. उंदीर मलाच का दिला, आता कळलं.
संवर्धन: धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत उंदराच्या नावापुढे ‘चिंता नको’. पतंगाचं तर मूल्यमापनच झालेलं नाही. जगाला पर्वा नाही. आमचंही तेच.

९ फेब्रुवारी
शेपटी अंगापेक्षा लांब हवी. शाडूची तीनदा तुटली, चौथ्यांदा मीच फेकली. बायजाकाकी म्हणाली, आत तार घाल रे, राग नको घालू. मी घालणारच होतो.

११ फेब्रुवारी
रंग दिला. तपकिरी, पोट पांढरं. हुबेहूब. डोळ्यांची आखणी काकीकडे, कारखान्यात तीच करते. उद्या बॉक्स उचलायचा आणि थेट रोह्याची एसटी. उघडून बघायची गरज नाही, काकीचा हात चुकत नाही.

१२ फेब्रुवारी
चुकला नाही. सवयीने चालला. सगळ्यांसमोर बॉक्स उघडला तर उंदराच्या हातात मोदक, अंगावर सोनेरी काठाची शाल. सर म्हणाले, हा मोदक अन्नसाखळीत कुठे बसतो? वर्गात हशा फुटला. मी भडकलो. सर, तुम्हाला उंदरातलं काय कळतं, म्हटलं. शिपाईकाकांनी दंडाला धरून गेटपर्यंत सोडलं.
सुरभी मागे धावत आली. माझ्यासाठीच. म्हणाली, मी उंदीर सांगितला होता रे, वाहन नाय! माझे मार्क गेले. उंदीर तिच्याकडेच राहिला.
आदर्शचा पतंग पुठ्ठ्याचा. पुठ्ठ्याचा! त्याला टाळ्या.
घरी येऊन काकीवर ओरडलो. तिचं आपलं एकच: उंदराचे हात रिकामे बरे दिसत नाय बाबा.

१५ फेब्रुवारी
संकल्प: सुरभीला फोन नाही. तिने केला तर उचलायचा. पहिल्या रिंगला नाही.

२० फेब्रुवारी
आला! पहिल्याच रिंगला उचलला. आवाज गोड. म्हणाली, तुझा उंदीर आदर्शच्या आईंना भारी आवडला. यंदा त्यांचा गणपती तुमच्याकडूनच, उंदराला शोभेल असा.
विचारलं, त्यांनी उंदीर बघितला कुठे?
म्हणाली, अरे, परवा आमच्या साखरपुड्याला घरी आल्या होत्या ना.
काकीने विचारलं, कोणाचा रे फोन?
म्हटलं, गिऱ्हाईक.