धामणींवर टाकलेलं उपरणं

मनमाड,
१९ ऑगस्ट २००३

प्रिय प्रतिभा,

कालपासून हे पत्र तीनदा लिहिलं आणि फाडलं. समोर बसून सांगायचं धैर्य नाही, म्हणून लिहितो. शेवटपर्यंत वाच, मध्येच घडी घालून ठेवू नकोस.

गेल्या वर्षीच्या ज्येष्ठातली गोष्ट. मी झेंडूला पाणी देत होतो. बांधावर दोन धामणी एकमेकींना पीळ घालून हातभर उभ्या राहिल्या होत्या. एक दुसरीला खाली दाबायची, पुन्हा दोघी वर. शेजारचे रावजी ओरडले, "आप्पा, बघत काय बसला? जोडा हाय त्यो! टाक उपरणं पोरीच्या नावानं!" अशा जोडीवर नवं कापड टाकायचं, साप निघून गेले की उचलून आणायचं आणि लेकीला द्यायचं, म्हणजे तिची कूस उजवते, हे आपल्याकडे सगळेच मानतात. तुझ्या लग्नाला पाच वर्षं झाली होती. मी खांद्यावरचं कोरं उपरणं टाकलं, हात जोडले आणि दुसऱ्याच दिवशी ते तुला आणून दिलं. माघात तुला दिवस गेल्याची बातमी कळली तेव्हा बांधावर जाऊन नारळ फोडला.

यंदा आषाढात विहिरीच्या मोटारीपाशी धामण निघाली. फुलं तोडणाऱ्या बाया किंचाळत पळाल्या. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कामाला असलेला, सुट्टीला गावी आलेला राज साप धरतो, त्याला बोलावलं. त्याने ती नुसत्या हाताने उचलली. भली सात फूट लांब, घुमल्यासारखा आवाज करत होती. "हिला विषच नाही, आप्पा. दिवसाउजेडी फिरते, बिळात शिरून उंदीर खाते. हिला मारलं तर उंदीर तुमचं शेत खातील." मी कौतुकाने त्याला उपरण्याची हकिकत सांगितली. तो हसला आणि माझं तोंड बघून एकदम थांबला. "आप्पा, तो जोडा नव्हता. ते दोघंही नर. मादीसाठी झुंजतात. चावत नाहीत, नुसते दाबतात. जो दबला तो निघून जातो."

त्या दिवसापासून देवापुढे बसलो की काय मागावं ते सुचत नाही. बाळ देवाने दिलं, त्यात कापडाचा काही हात नाही, एवढं कळलं. पण तू आनंदात होतीस. तुझा तेवढा आधार कशाला काढून घ्यावा, असं म्हणत महिना-दीड महिना गप्प राहिलो.

परवा ललितरावांचा फोन आला. तुझे पाय सुजलेत, डोकं ठणकतं, डोळ्यांपुढे काजवे चमकतात. दवाखान्याचं नाव काढलं तर विहीणबाई म्हणतात, "देवाचं वस्त्र पोटाला हाय, सुया कशाला टोचायच्या?" आणि तूही म्हणतेस, "आप्पांनी दिलंय, मला काही होत नाही."

प्रतिभा, तुझी आई तापाने गेली असं तुला सांगत आलो. ताप नव्हता. तुझ्या पाठच्या बाळाच्या वेळी चंद्रभागेचे पाय असेच सुजले होते, डोकं असंच ठणकत होतं. मी अंगारा लावत राहिलो, नवस बोलत राहिलो. गाडी जुंपली तोवर तिला झटके सुरू झाले होते. वाटेतच दोघं गेली. तू चार वर्षांची होतीस. पुढे तू विचारायला लागलीस तेव्हा खरं सांगायची मला भीती वाटली. आज त्याहून मोठी भीती वाटते. तू पोटाला बांधलंयस ते दोन सापांच्या भांडणावर पडलेलं माझं उपरणं आहे, दुसरं काही नाही. ते तुला राखणार नाही. हे पत्र ललितरावांच्या हाती आत पाठवलंय. मी तुमच्या दारात रिक्षात बसलोय. माझ्यावर चिड, आयुष्यभर बोलू नकोस, पण आत्ता चप्पल घाल आणि बाहेर ये.

तुझाच,
आप्पा